शटरमागची सर्व्हिसिंग

माझ्या साडूंना काळजी वाटणार नाही अशी एकही वस्तू, व्यक्ती किंवा घटना परमेश्वराने अजून निर्माण केलेली नाही. इतर माणसं संकट आलं की काळजी करतात. साडू संकट आलं नाही म्हणून काळजी करतात, कारण ज्याअर्थी ते अजून आलेलं नाही त्याअर्थी ते वाटेत आहे, असा त्यांचा युक्तिवाद असतो. ते अमरावतीच्या कोर्टात दिवाणी वकील आहेत, त्यामुळे त्यांच्या युक्तिवादाला समोरून उत्तर देणं कठीण जातं. घराला कुलूप लावलं की ते स्वतः तीनचारदा ओढून बघतात, मग मला ओढायला लावतात, आणि मी ओढल्यावर "तुम्ही ओढलंत ना? कुलूप लागलेलं तुमच्या डोळ्यांनी बघितलंत ना?" असं विचारून माझी साक्ष पक्की करून घेतात. लग्नाला गेले तर अक्षता टाकण्याआधी मांडवाचे बांबू हलवून बघतात. हॉटेलात वेटर दिसला की त्याची उलटतपासणी सुरू होते. तर्री कधी केली, कोणी केली, करताना तू तिथे हजर होतास का, आणि हजर नव्हतास तर ती ताजी आहे हे कशावरून सांगतोस? शेवटी वेटर पाणी ठेवून पळून जातो आणि आम्ही उपाशी घरी येतो.

त्यांचा दुसरा विक्षिप्तपणा असा की ते खोटं बोलत नाहीत. वकील असून बोलत नाहीत म्हटल्यावर लोक हसतात, पण मी त्यांना पुष्कळ वर्षं जवळून पाहतो आहे. खोटं बोलण्याची वेळ आली की ते वाक्याची अशी काही बांधणी करतात की खरं तर सुटत नाही आणि खोटंही पदरी पडत नाही. थोरल्या मेव्हणीने, म्हणजे त्यांच्या पत्नीने, भाजी कशी झाली म्हणून विचारलं तर ते गंभीरपणे म्हणतात, "माझ्या माहितीप्रमाणे वांग्याची झाली आहे." मेव्हणी त्यावर जे बोलतात ते अस्सल वऱ्हाडीत असतं आणि ते मला इथे लिहिता येणार नाही. साडूंची स्वतःची भाषाही काळजीच्या मापाने बदलत जाते. मन ठिकाणावर असलं की कोर्टातलं शुद्ध मराठी चालतं, काळजी वाढली की शब्द हळूहळू वऱ्हाडाकडे सरकतात, आणि "का"च्या जागी "काहून" आला की समजावं, आता प्रकरण हाताबाहेर गेलं.

अशा माणसाने साठी ओलांडल्यावर स्पोर्ट्स कार घेतली. लाल, दोन दारांची, जमिनीला पोट टेकवून बसल्यासारखी दिसणारी परदेशी बनावटीची गाडी. विद्यार्थी असताना एका कॅलेंडरवर त्यांनी असल्या गाडीचं चित्र पाहिलं होतं म्हणे. मुलगी मार्गी लागली, आयुष्यभराची वकिली थोडीफार फळाला आली, आणि एके दिवशी हा माणूस कोणाला काही न सांगता नागपूरला जाऊन ती गाडी घेऊन आला. मेव्हणींना वाटलं, चुकून दुसऱ्याची आणली. मला मात्र आनंद झाला. आजवर साडूंची काळजी सगळ्या गावभर विखुरलेली होती, ती आता एका जागी गोळा होईल आणि आम्ही सगळे सुटू, असा माझा भोळा अंदाज होता.

काळजी गोळा झाली खरी, पण तिच्या मधोमध मी सापडलो. गाडीत दोनच माणसं बसतात आणि मेव्हणींनी पहिल्याच दिवशी, "असं लोळत लोळत मी बाजारात जाणार नाही" म्हणून नकार दिला, तेव्हा दुसरा माणूस म्हणून माझी कायमची नेमणूक झाली. मी कॉलेजातून निवृत्त झालेला, त्यामुळे वेळ नाही ही सबबही उरली नव्हती. स्पीड ब्रेकर आला की मला उतरावं लागे, म्हणजे वजन कमी होऊन गाडीचं पोट घासत नाही. राजकमल चौकापासून बडनेऱ्यापर्यंत मी गाडीत बसलो कमी आणि तिच्या मागे चाललो जास्त. झाडाखाली गाडी लावायची नाही, कारण पक्षी. उन्हात लावायची नाही, कारण रंग. भिंतीजवळ नाही, कारण क्रिकेट खेळणारी पोरं. मग गाडी रस्त्यात उभी करून एकाने आत बसून राहायचं, आणि तो एक अर्थात मी. उन्हाळ्यात त्यांनी घरातला मोठा कूलर पोर्चमध्ये आणून गाडीच्या तोंडाशी लावला. मेव्हणी पदराने वारा घेत मला म्हणाल्या, "गाडीले ऊन लागन म्हन्ते. बायकोले लागलं त चालते."

पण हे सगळं वरवरचं. खरी काळजी होती वॉरंटीची. सर्व्हिसिंग फक्त कंपनीच्या अधिकृत डीलरकडेच करायची, बाहेरच्या कोणी गाडी उघडली तर वॉरंटी संपली, असा नियम होता. डीलर होता नागपूरला. साडूंनी तो नियम दिवाळीच्या फराळाला बसलेल्या सगळ्या पाहुण्यांना वाचून दाखवला, आणि वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक होत गेला. का होत गेला, हे त्या वेळी फक्त मला माहीत होतं. अकोल्याला गुलाबराव होते.

गुलाबराव आणि साडू अकोल्याच्या शाळेत एका बाकावर बसत. पुढे एक कायद्याकडे गेला आणि एकाने जठारपेठेच्या पुढच्या एका गल्लीत गॅरेज टाकलं. साडूंच्या पहिल्या मोपेडपासून पुढच्या प्रत्येक गाडीला हात लागला तो गुलाबरावांचाच. गुलाबराव म्हणजे कोपऱ्यात मान खाली घालून काम करणारा मिस्त्री नव्हे. उंच, आवाजाने दणदणीत, स्वतःबद्दल कमालीचं चांगलं मत असलेला माणूस. शोरूमच्या लोकांना ते "टायवाले" म्हणत, आणि टायवाल्यांनी बिघडवलेल्या गाड्या आपण कशा रुळावर आणल्या याच्या कथा त्यांच्याकडे संपत नसत. त्यांच्या टेबलावर बुद्धाची एक छोटी मूर्ती आणि तिच्या शेजारी तेवढ्याच मापाचा एक जुना, घासून लखलखीत केलेला पिस्टन असे.

या दोघांबद्दलची एक गोष्ट मला मेव्हणींनी सांगितली. शाळेच्या दिवसांत गुलाबराव साडूंच्या घरी येत, तेव्हा त्यांच्यासाठी कपबशी वेगळी ठेवलेली असे. त्या काळी ठेवत, आणि कोणाला त्याचं काही वाटत नसे. साडूंनी ते पाहिलं. भांडण केलं नाही, बोलले काही नाही. फक्त दुसऱ्या दिवशी ती कपबशी स्वतःसाठी मागून घेतली आणि वकिलीची सनद मिळेपर्यंत चहा घेतला तो त्याच कपात. त्यांच्या आईला शेवटी सगळ्या कपबशा एकत्र कराव्या लागल्या.

तर गाडी आल्यावर साडू तिला घेऊन अकोल्याला गेले, आणि गुलाबराव तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले की आपल्या हातून गेल्याशिवाय तुझी कोणतीही गाडी गाडी होत नाही, तेव्हा पहिली सर्व्हिसिंग झाली की आण. साडू हो म्हणून परत आले आणि मग त्यांची झोप उडाली. मी त्यांना सरळ सुचवलं की गुलाबरावांना नियम सांगून टाका, ते समजूतदार आहेत. साडूंनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

"काय सांगू त्याले?" ते म्हणाले. "का तुया हात लागला त माही गाडी बाटते?"

मग साडूंनी त्यांच्या पद्धतीचा एक मार्ग काढला. आधी नागपूरला डीलरकडे रीतसर सर्व्हिसिंग करून घ्यायची आणि पुढच्या आठवड्यात अकोल्याला जायचं. गुलाबरावांचा शिरस्ता असा की ते काम करताना शटर खाली ओढून घेत. आत एकटे. गिऱ्हाइकाने बाहेर बाकावर बसायचं, चहा घ्यायचा, शटर वर जाईपर्यंत वाट बघायची. हा शिरस्ता साडूंना देवासारखा धावून आला. ते बाकावर शटरकडे पाठ करून बसत. आतून पान्याची टकटक ऐकू येऊ लागली की रुमालाने कान पुसण्याचं निमित्त करून कान झाकून घेत. मान वळवत नसत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, जे मी पाहिलं नाही त्याची साक्ष मला देता येत नाही. आणि नागपूरला डीलरच्या माणसाने नेहमीचा प्रश्न विचारला, की बाहेर कुठे काही काम केलं का, तर साडू छताकडे बघत म्हणत, "माझ्या माहितीप्रमाणे नाही."

गुलाबराव त्यांच्याकडून पैसे कधी घेत नसत. वरूडच्या एका पक्षकाराच्या बागेतून संत्र्यांची पेटी येई, ती अकोल्याला पोचवायची एवढाच व्यवहार. त्या गाडीच्या डिकीत धड एक सुटकेस मावत नाही. म्हणून पेटी माझ्या मांडीवर. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू, सगळा हायवे मी संत्र्यांच्या पलीकडे बघत केला आहे. शेजारी साडू घामाघूम, कारण आता काही वेळाने शटर खाली जाणार आणि त्याच्यामागे त्यांच्या गाडीचं, वॉरंटीचं आणि प्रामाणिकपणाचं काय होईल हे त्यांना कळणार नव्हतं. न कळण्याची व्यवस्था त्यांनी स्वतःच केली होती, आणि तिचाच त्यांना सगळ्यात जास्त त्रास होई.

अशा दोन खेपा निभावल्या. तिसरी निभावली नाही.

थंडी सरत आली होती. आम्ही सकाळी निघून अकोल्याला पोचलो, गाडी आत गेली, शटर खाली आलं, साडू पाठ फिरवून बसले. टकटक सुरू झाली, थांबली, मग बराच वेळ काही नाही, पुन्हा टकटक. त्या दिवशी गुलाबरावांनी जरा जास्तच वेळ लावला. शटर वर गेलं तेव्हा ते हात पुसत उभे होते, हात मला स्वच्छच दिसत होते तरी. "झाली गाडी," ते नेहमीच्या रुबाबात म्हणाले. साडू आत जाऊन बसले, त्यांनी बटण दाबलं. गाडी सुरू झाली नाही. पुन्हा दाबलं. समोरच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली, एकाखाली एक, आणि शेवटी सगळ्यात मोठी ओळ आली की गिअरबॉक्समध्ये बिघाड आहे, गाडी चालवू नका.

बाहेर रिक्षा गेली, तिचा आवाज लांब जाईपर्यंत आम्ही तिघे त्या लाल अक्षरांकडे बघत होतो. गुलाबरावांनी वाकून उघड्या दारातून आत हात घातला. स्टिअरिंगकडे नेला.

"हात लावू नको," साडू ओरडले. "आता तरी हात लावू नको."

मी साडूंना ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. गुलाबरावांचा हात तिथेच थांबला. मग त्यांनी तो हळूच मागे घेतला, फडक्याला पुसला, पुन्हा एकदा पुसला आणि ते मागच्या टेबलाशी जाऊन बसले.

साडूंनी नागपूरला फोन लावला. वॉरंटीचे कागद दोन्ही हातांत धरता यावेत म्हणून फोन टपावर ठेवून स्पीकरवर लावला. तिकडचा माणूस अतिशय नम्रपणे म्हणाला की लक्षण गिअरबॉक्सचं दिसतं, काम मोठं आहे, पण वॉरंटीत आहे, काळजी करू नका. गाडी लादून आणायला ट्रक आणि बरोबर इंजिनिअर पाठवतो. तोपर्यंत बाहेरच्या कोणाला हात लावू देऊ नका. हे शेवटचं वाक्य सगळ्या गॅरेजभर ऐकू गेलं. गुलाबराव टेबलावरचा पिस्टन उचलून पुसत बसले.

नागपूरहून अकोल्याला ट्रक यायचा म्हणजे दुपार गेली. गुलाबरावांनी चहा मागवला. त्या परिस्थितीतही मागवला. आमचे कप बाकावर आले, त्यांचा टेबलावर राहिला. ते प्यायले नाहीत. साडू गल्लीच्या टोकापर्यंत जात आणि परत येत. मला वाटलं, गिअरबॉक्सचा हिशेब मनात चालला असेल, कारण वॉरंटीबाहेर तो गिअरबॉक्स बसवायचा म्हटलं तर गाडी विकूनच बसवावा लागला असता. मी धीर द्यायला म्हणालो की तुम्ही काही पाहिलेलं नाही, तुमचं नेहमीचं वाक्य आहेच. साडू माझ्यासमोर थांबले. त्यांचा चेहरा पडला होता.

"साडूभाऊ," ते खालच्या आवाजात म्हणाले, "मी काय म्हनलो त्याले?"

मी सांगितलं, हात लावू नको म्हणालात.

"मले तसं नव्हतं म्हनाचं," ते म्हणाले आणि पुन्हा गल्लीच्या टोकाकडे निघाले. मला त्यांची फार दया आली. कपबशीची गोष्ट मला आठवत होती, आणि त्यांना ती आठवत असणार हे दिसत होतं.

ट्रक आला तेव्हा उन्हं कलली होती. त्यातून उतरलेला इंजिनिअर जेमतेम तिशीतला, नीटनेटका, आणि इतका नम्र की त्याच्याशी भांडताही येऊ नये. त्याने गाडी पाहिली, मग वर गॅरेजचं छप्पर पाहिलं, भिंतीवर टांगलेले पाने पाहिले. लॅपटॉपची पिशवी त्याने खांद्यावरून काढली, पण उघडली नाही. म्हणाला की प्रोसिजरप्रमाणे आधी एक विचारावं लागतं. गाडी बाहेरच्या गॅरेजमध्ये उभी आहे. सर, इथे गाडीवर काही काम झालं आहे का?

मी मनातल्या मनात ते वाक्य म्हणू लागलो. माझ्या माहितीप्रमाणे नाही. एवढंच म्हणायचं होतं. पण गुलाबराव टेबलापाशी उभे राहिले होते आणि साडूंकडे बघत होते. ते वाक्य त्यांच्यासमोर म्हणायचं म्हणजे, हा माणूस माझा कोणी नाही, याने माझ्या गाडीला कधी हात लावलेला नाही, आणि लावू नये, असं दुसऱ्यांदा सांगण्यासारखं होतं. साडूंनी कोर्टात उभं राहताना नीट करतात तसा शर्ट नीट केला.

"हो," ते म्हणाले. "झालं आहे. दर सर्व्हिसिंगनंतर झालं आहे. हे माझे मित्र आहेत, यांनी केलं आहे, आणि माझ्या सांगण्यावरून केलं आहे."

इंजिनिअरने त्यांना सावकाश समजावलं की असं असेल तर त्याला ते कळवावं लागेल, आणि मग वॉरंटी राहणार नाही. गिअरबॉक्स मोठा खर्च आहे. सरांनी पुन्हा एकदा विचार करावा. साडू म्हणाले की विचार झाला आहे. त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता, पण आवाज हलला नाही. इतका घाबरलेला आणि इतका ठाम माणूस मी एकाच वेळी पाहिलेला नव्हता.

"थो खोटं बोलून राहिला," मागून गुलाबराव म्हणाले.

साडूंनी मागे वळून त्यांना गप्प बसायला सांगितलं. गुलाबराव गप्प बसले नाहीत. ते पुढे आले आणि साडूंशी नव्हे, इंजिनिअरशी बोलू लागले, बहुधा साडूंकडे बघून त्यांना बोलता आलं नसतं.

"मी गाडी उघडलीच नाही, साहेब. एकडाव बी नाही. तुमचं सगळं तपासून घ्या, एक नट हाललेला दिसला त मले सांगा."

साडू चक्रावून म्हणाले की मग ती टकटक कसली होती? मी स्वतः ऐकली आहे. त्यावर गुलाबरावांनी कोपऱ्यात उभ्या असलेल्या ऑइलच्या रिकाम्या पिप्याकडे बोट दाखवलं. पिप्याची एक बाजू ठोकून ठोकून चेपलेली होती, आणि पाना अजून त्याच्यावरच पडलेला होता.

"काहून बे?" साडू म्हणाले. कोर्टातलं मराठी आता कुठेच उरलं नव्हतं.

गुलाबरावांनी पिप्यावरचा पाना उचलून भिंतीवर टांगला. "तुयी वारंटी जात होती," ते म्हणाले. "मले का मालूम नाही? पन तू नाही म्हनला नाही, त मी कसा नाही म्हनू? आन खरं सांगू? मले ह्या गाडीतलं काही समजत नाही. पयल्याच दिवशी खाली घुसून पाह्यलं. सगळं झाकेल हाये. मह्या हाताले काही ओळखीचंच लागलं नाही."

हे बोलताना त्यांचा आवाज एकदम साधा झाला होता. टायवाल्यांच्या कथा सांगणारा तो आवाज नव्हता. मला खाली बघावंसं वाटलं. इंजिनिअरनेही पिशवीच्या बंदाशी चाळा केला.

मग आत इतका वेळ करत काय होतास, असं साडूंनी विचारलं. गुलाबराव ओशाळून म्हणाले की आत बसत होतो. पाना दोनचारदा वाजवायचा आणि आत जाऊन बसायचं. लाइटं लावायची, रेडिओ लावायचा. आतून फार छान दिसतं. इतक्या वर्षांत एवढ्या गाड्या उघडल्या, पण अशी गाडी आपल्या दोस्ताची आहे असं म्हणून आत बसायला कधी मिळालं नव्हतं.

इंजिनिअरची मान एकदम वर झाली. इंजिन बंद ठेवून लाइट, रेडिओ? किती वेळ? गुलाबराव म्हणाले, शटर खाली असतं तोवर. तो पोरगा पहिल्यांदाच हसला, आणि लगेच त्याने हसू आवरलं. लॅपटॉप जोडला, पडद्यावर बोट फिरवलं, गाडीखाली वाकून नटांवरच्या कंपनीच्या खुणा तपासल्या आणि उठून म्हणाला की गिअरबॉक्सला काहीही झालेलं नाही. बॅटरी उतरली आहे. ती अशी अर्धवट उतरली की गाडी दिसेल त्या पार्टबद्दल तक्रार करते. गाडी कोणी उघडलेली नाही, वॉरंटी जशीच्या तशी आहे.

"मह्या जमान्यात ब्याटरी उतरली का गाडी मुकी होत होती," गुलाबराव म्हणाले. "हे त बोलते. मलेही गिअरबॉक्सच वाटला."

ट्रकच्या बॅटरीला वायर जोडून गाडी सुरू झाली. असा आवाज झाला की शेजारच्या दुकानातली माणसं बाहेर आली. इंजिनिअरने नम्रपणे निरोप घेतला. एवढा मोठा खर्च टळला होता, पण आमच्यापैकी कोणीच आनंदात नव्हतं. साडू गाडीकडे गेलेच नाहीत. ते गुलाबरावांना म्हणाले की लेका, इतके दिवस मला पिपा वाजवून दाखवलास. गुलाबराव म्हणाले की तूही इतके दिवस पाठ करून, कान झाकून बसत होतास, शटरला भोक आहे, मला काय दिसत नव्हतं? यावर साडूंना खरं तर हसू यायला हवं होतं. त्यांनी तोंड उघडलं, "मघाशी मी..." एवढंच म्हणाले आणि पुढचं वाक्य या वकिलाला सापडेना.

मग ते टेबलापाशी गेले. गुलाबरावांचा दुपारचा चहा तसाच पडून होता, वर साय धरलेली. साडूंनी तो कप उचलला आणि उभ्या उभ्या सगळा पिऊन टाकला. गुलाबराव बघत राहिले. "थंडा झाला आसन," ते म्हणाले. साडू म्हणाले, "चांगला आहे." माझ्या माहितीप्रमाणे असं काही ते म्हणाले नाहीत.

आता दर महिन्याला आम्ही अकोल्याला जातो. मांडीवर पेटी असतेच. गाडी आत जाते, शटर खाली येतं, पण साडूही आतच असतात. लाइट आणि रेडिओ लावायचा नाही एवढी अट आहे. दोघे अंधारात त्या गाडीत बसून काय बोलतात मला माहीत नाही. मी बाहेर बाकावर संत्री सोलत असतो. कधी हसण्याचा आवाज येतो, कधी बराच वेळ काहीच येत नाही.

परवा डीलरकडून निरोप आला की वॉरंटी संपत आली आहे, वाढवून घेता येईल. साडू ती तात्काळ वाढवून घेतील याबद्दल घरात कोणाला शंका नव्हती. छत्री हरवू नये म्हणून तिच्यावर नाव, गाव आणि पत्ता शिवून घेणारा हा माणूस. त्यांनी नको म्हणून सांगितलं. वॉरंटी संपली की गाडी गुलाबकडे, ते मला म्हणाले, आता पिपा वाजवायची गरज नाही. त्याच संध्याकाळी मला गुलाबरावांचा फोन आला. आवाज घाबरलेला होता.

"सर, तुमी त्याले समजावा. वारंटी वाढवून घे म्हना," ते म्हणाले. "मले येत नाही हे त्याले चांगलं मालूम हाये. तरी मलेच देतो म्हन्ते. बह्याड हाये थो, पुरा येडा."

मी म्हटलं, तुम्हीच नाही म्हणून टाका. मग ते म्हणाले की नाही म्हणवत नाही ना, सर. भाचीने मोबाइलवर त्या गाडीचे व्हिडिओ काढून दिले आहेत, रोज बघतो आहे, डोळे दुखतात.

दुसऱ्या दिवशी मी साडूंकडे गेलो. ते पोर्चमध्ये गाडीवरून फडकं फिरवत होते. मी गुलाबरावांचा फोन आला होता हे सांगितलं नाही. एवढंच विचारलं की एवढी नाजूक, महागडी गाडी वॉरंटीशिवाय अकोल्याला उघडायला द्यायची, तुम्हाला काळजी नाही वाटत?

साडूंनी फडकं थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी काय विचारतो आहे ते त्यांना खरोखरच समजलेलं नव्हतं.

"कशाची?" ते म्हणाले.